सेमाफोर : सामर्थ्य आणि मौन

आइंडहोव्हेन येथील तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असलेल्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये परस्परांशी सहकार्य करणाऱ्या अनुक्रमिक प्रक्रियांविषयी एक प्रबंध टंकलिखित स्वरूपात सिद्ध केला. १९६८ साली एफ. जेन्युई यांनी संपादिलेल्या एका संग्रहात तो छापला गेला. सेमाफोर, झोपी गेलेला न्हावी, सावकाराची रीत, मगरमिठी ही जी मंडळी आज कार्यकारी प्रणालीवरील पाठ्यपुस्तकांत पदोपदी भेटतात, त्यांचे मूळ घर हा प्रबंध होय. तथापि त्याचा मूळ पाठ क्वचितच कोणी उघडतो. विद्यार्थी पी आणि व्ही या दोन क्रिया पाठ करतो, मर्यादित साठ्याचे उदाहरण वहीत उतरवून घेतो आणि पुढील प्रकरणाकडे वळतो. परिणामी दोन गोष्टी घडतात. डाइक्स्ट्रा यांनी जे सिद्ध केले त्याचे मोल त्यास कळत नाही. आणि जे त्यांनी मोकळे सोडले, ते मोकळे आहे हेही त्याच्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत निबंधात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा. परंतु पहिली डावलून दुसरीस हात घालणे ग्रंथकारावर अन्याय करणारे होईल.

प्रबंधाचा गाभा एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नात आहे. दोन प्रक्रिया आपापल्या गतीने चालल्या आहेत. कोणाची गती किती याविषयी काहीही गृहीत धरावयाचे नाही. प्रत्येकीच्या आज्ञावलीत एक भाग असा आहे की त्यात एका वेळी एकीनेच असावे. ग्रंथालयातील एखाद्या पुस्तकाच्या शिल्लक प्रतींचा आकडा दोन प्रक्रिया कमी करीत असतील, तर दोघींनी ५ हा आकडा वाचावा, दोघींनी त्यातून १ वजा करावा आणि दोघींनी ४ लिहून मोकळे व्हावे, असे सहज घडू शकते. प्रती गेल्या दोन, नोंद झाली एकीची. हा भाग, ज्यास येथे निर्णायक खंड म्हणू, राखावयाचा कसा? हाती साधन एवढेच की सामायिक स्मृतीतील एका चलाचे मूल्य वाचणे किंवा त्यात मूल्य लिहिणे, यांपैकी प्रत्येक क्रिया अविभाज्य आहे.

येथे डाइक्स्ट्रा तत्काळ उत्तर देत नाहीत. ते एकामागून एक फसणारे मार्ग वाचकासमोर मांडतात. पाळी सांगणारा एकच चल ठेवला, तर दोघींना आळीपाळीनेच आत जावे लागते, आणि एक बाहेरच थांबली की दुसरीही अडून बसते. म्हणून प्रत्येकीस स्वतंत्र निशाण द्यावे, तर आधी दुसरीचे निशाण पाहून मग आपले उभारण्यात दोघी एकदमच आत शिरतात. क्रम उलटा करून आधी आपले निशाण उभारावे, तर दोघी एकमेकींची वाट पाहत कायमच्या खिळून राहतात. निशाण उभारून, दुसरीचे दिसल्यास आपले खाली घेऊन पुन्हा प्रयत्न करावा, तर दोघींचा ठेका जुळल्यास 'आधी आपण', 'नाही, आधी आपण' हा शिष्टाचार अनंतकाळ चालू शकतो. डच गणितज्ञ डेकर यांचे अचूक उत्तर त्यानंतर येते. त्यात निशाणेही आहेत आणि पाळीही आहे. पण पाळीचा उपयोग वाद उत्पन्न झाला तरच होतो.

ही मांडणी अध्यापनाची क्लृप्ती नव्हे. प्रत्येक फसलेला मार्ग एका वेगळ्या गुणाची मागणी उघड करतो, आणि अखेर वाचकाच्या हाती जे राहते ते उत्तरापेक्षा मोठे असते : बरोबर उत्तर म्हणजे काय, याची व्याख्या. दोघींनी एकाच वेळी आत नसावे, बाहेर थांबलेलीने दुसरीस अडवू नये, आणि निर्णय अनंतकाळ लांबू नये, या तीन अटी प्रबंधकाराने अनुभवाच्या भट्टीतून काढून दिल्या आहेत. केवळ चाचणीवर विसंबणाऱ्यास या विषयात काय भोगावे लागते, याचे एक बोलके उदाहरण त्याच वेळचे आहे. अनेक प्रक्रियांसाठी हाच प्रश्न सोडविणारे डाइक्स्ट्रा यांचे एक छोटेखानी टिपण १९६५ मध्ये अमेरिकेतील संगणक-संघटनेच्या मासिकात प्रसिद्ध झाले. जानेवारी १९६६ च्या अंकात हायमन नावाच्या वाचकाने दोन प्रक्रियांसाठी त्याचे सुलभीकरण सुचविले. ते सुटसुटीत होते, वाचावयास सोपे होते आणि चुकीचे होते. मे महिन्यात डोनाल्ड कनुथ यांनी ती चूक दाखवून दिली, आणि खुद्द डाइक्स्ट्रा यांच्या रीतीत एखादी दुर्दैवी प्रक्रिया सतत मागे पडू शकते हेही त्यांनी त्याच पत्रात निदर्शनास आणले. हा दुसरा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा उपस्थित होणार आहे.

डेकर यांची रीत बरोबर असली तरी ती वाट पाहणाऱ्या प्रक्रियेस स्वस्थ बसू देत नाही. दार उघडले का, दार उघडले का, असे विचारण्यातच यंत्राचा वेळ जातो. शिवाय युक्तिवाद इतका नाजूक की प्रक्रियांची संख्या वाढताच तो सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर जातो. या दोन्ही अडचणींवर सेमाफोर हा उपाय आहे. सेमाफोर हा अऋण पूर्णांकी चल. त्यावर दोनच क्रिया करता येतात. व्ही ही त्याचे मूल्य १ ने वाढविते. पी ही ते १ ने कमी करते. पण कमी केल्याने मूल्य ऋण होणार असेल, तर ते तसे होणार नाही अशी वेळ येईपर्यंत ती पूर्णच होत नाही, आणि ती करणारी प्रक्रिया तोवर झोपी जाते. दोन्ही क्रिया अविभाज्य. आरंभी मूल्य १ ठेवून निर्णायक खंडाच्या आधी पी आणि नंतर व्ही लिहिली, की ज्यासाठी डेकर यांना एवढा खटाटोप करावा लागला ते काम दोन शब्दांत संपते. प्रक्रिया दोन असोत की दोनशे.

या अक्षरांची कुळकथा मनोरंजक आहे. आरंभीच्या डच टिपणांत ती 'ओलांडणे' आणि 'मोकळे करणे' या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे होती. पुढे 'कमी करण्याचा प्रयत्न करणे' या शब्दसमूहाची मोडतोड करून डाइक्स्ट्रा यांनी 'प्रोलाख' असा एक नवाच शब्द घडविला आणि पी हे अक्षर त्याचे ठरविले. व्ही हे 'वाढविणे' याचे. आपल्याकडील परिभाषा-समित्यांना हेवा वाटावा असे हे स्वातंत्र्य आहे.

सेमाफोर हे नाव मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. मूळ डच शब्दाचा अर्थ रेल्वेचा सिग्नलचा खांब. हात आडवा असेल तर गाडीने थांबावयाचे, कललेला असेल तर जावयाचे. परंतु रेल्वेत तो हात हलविणारा केबिनमधील माणूस असतो. गाडी त्यास स्पर्शही करीत नाही. डाइक्स्ट्रा यांच्या मांडणीत केबिनही नाही आणि माणूसही नाही. गाड्या स्वतःच येतात, स्वतःच हात पाडतात आणि उचलतात, आणि कोणत्या गाडीने पाडलेला हात कोणती गाडी उचलते याची नोंद कोठेच राहत नाही. रेल्वेतूनच रूपक घ्यावयाचे तर परस्पर-वर्जनासाठी अधिक नेमके रूपक आपल्या एकेरी लोहमार्गांनी पुरविले असते. भारतात दीर्घकाळ वापरात राहिलेल्या नीलच्या यंत्रात दोन स्थानकांमधील मार्गासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. तो ड्रायव्हरच्या हाती असल्यावाचून गाडी पुढे जात नाही, आणि तो पुढच्या स्थानकावरील यंत्रात पडल्यावाचून दुसरा निघत नाही. येथे मार्ग मोकळा आहे की नाही एवढेच कळत नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे हेही कळते. सिग्नलला अवस्था असते, गोळ्याला धारक असतो. सेमाफोरला धारक नाही.

हे वैगुण्य आहे की गुण, याचा निर्णय एका वाक्यात होण्यासारखा नाही. धारक नसणे हा डाइक्स्ट्रा यांचा विसर नव्हता. प्रबंधातील मर्यादित साठ्याचे उदाहरण घ्यावे. उत्पादक प्रक्रिया माल तयार करून साठ्यात ठेवते आणि 'भरलेल्या जागा' या सेमाफोरवर व्ही करते. ग्राहक त्याच सेमाफोरवर पी करून माल उचलतो. येथे जो वाढवितो तो कधीच कमी करीत नाही. धारकाची अट घातली असती तर हा उपयोग अशक्यच झाला असता. १९६८ साली आइंडहोव्हेनच्या कार्यकारी प्रणालीवर प्रसिद्ध झालेल्या लेखाच्या परिशिष्टात तर डाइक्स्ट्रा स्वतःच दोन उपयोग वेगळे करून सांगतात. पहिला परस्पर-वर्जनाचा : आरंभमूल्य १, पी आणि व्ही एकाच प्रक्रियेच्या हातून. दुसरा खाजगी सेमाफोरचा : आरंभमूल्य ०, पी फक्त मालक प्रक्रिया करणार, व्ही इतर कोणी. म्हणजे दोन भिन्न स्वभावांच्या वस्तू आहेत हे ग्रंथकारास पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी दोहोंस एकच नाव आणि एकच जोडी दिली. आमच्या मते या प्रबंधाच्या सौंदर्याचे मूळ जसे या काटकसरीत आहे, तसेच त्याच्या पुढील सर्व अडचणींचे मूळही तेथेच आहे. एकाच चलावर कोण काय करील याचा नियम भाषेत नाही, यंत्रात नाही. तो केवळ लिहिणाऱ्याच्या मनात आहे.

साठ्याचेच उदाहरण पुढे चालवू. ग्राहकाने आधी 'भरलेल्या जागा' यावर पी करावी आणि मग साठ्याच्या कुलपावर. हा क्रम उलटला तर काय होते पाहावे. साठा रिकामा आहे. ग्राहक कुलूप लावून आत शिरतो आणि आतच मालाची वाट पाहत झोपतो. उत्पादक माल घेऊन येतो, पण कुलूप ग्राहकाजवळ. दोघेही जागच्या जागी. शेवटच्या दोन व्हींचा क्रम मात्र कसाही असला तरी चालतो, आणि हा भेद डाइक्स्ट्रा यांनी आवर्जून नमूद केला आहे. विद्यार्थ्यांच्या वहीत हे उदाहरण असते, परंतु पींचा क्रम महत्त्वाचा आणि व्हींचा नाही, असे का, हे विचारता उत्तर बहुधा मिळत नाही. उत्तर अवघड नाही : पी थांबवू शकते, व्ही कधीच थांबवीत नाही. पण ते उदाहरणात लिहिलेले नसते. ते व्याख्येत असते, आणि व्याख्या वाचण्याची सवय सुटली आहे.

व्याख्येबाबत आणखी एक पाठभेद सांगितला पाहिजे. १९६५ च्या प्रबंधातील सेमाफोर कधी ऋण होत नाही; १९६८ च्या परिशिष्टातील होतो, आणि त्याच्या ऋण मूल्याचा आकडा म्हणजे वाट पाहणाऱ्यांची संख्या. अनेक पाठ्यपुस्तके दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी छापतात आणि त्या दोन आहेत असे सांगत नाहीत. दोहोंतही वाट पाहणाऱ्यांपैकी कोणास उठवावयाचे हे मात्र ठरविलेले नाही. कनुथ यांचा मुद्दा येथे परत येतो. रांग पाळणारा सेमाफोर आणि कोणासही उठविणारा सेमाफोर यांच्या सामर्थ्यात अंतर आहे. दुसऱ्या, दुर्बळ प्रकारचे सेमाफोर वापरून कोणीही उपाशी राहणार नाही अशी रीत रचता येणार नाही, असा डाइक्स्ट्रा यांचा तर्क होता; १९७९ साली मॉरिस यांनी तशी रीत रचून दाखविली. ती बरीच गुंतागुंतीची आहे. जे व्याख्येत एका शब्दाने मिळाले असते, ते मागाहून मिळविण्यास किती पडते याचे हे मोजमाप समजावे.

सेमाफोरवरील पहिली तात्त्विक टीका एका भारतीयाची आहे. सुहास पाटील यांनी १९७१ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत धूम्रपान करणाऱ्यांचे कोडे मांडले. तिघे जण; एकाजवळ तंबाखू, दुसऱ्याजवळ कागद, तिसऱ्याजवळ काड्या, सर्व अमाप. एक पुरवठादार दर वेळी कोणत्याही दोन वस्तू मेजावर ठेवतो, आणि ज्याजवळ तिसरी आहे त्यानेच त्या उचलाव्या. प्रत्येक वस्तूस एक सेमाफोर दिला आणि तिघांनी आपापल्या दोन वस्तूंसाठी लागोपाठ पी केली, तर एकाने कागद आणि दुसऱ्याने काड्या पकडून दोघांनीही अडून राहावे असे होते. पुरवठादाराची आज्ञावली बदलावयाची नाही आणि अटीची विधानेही वापरावयाची नाहीत, असे बंधन घालून पाटील यांनी निष्कर्ष काढला की पी आणि व्ही या क्रिया अपुऱ्या आहेत. एकाच वेळी अनेक सेमाफोरांवर चालणारी क्रिया हवी. १९७५ साली डेव्हिड पार्नस यांनी त्यास उत्तर दिले. सेमाफोरांची मालिका वापरावयास पाटील यांनी केलेली मनाई डाइक्स्ट्रा यांच्या लेखनात कोठेच नाही; ती मोकळी केली की अटीच्या विधानांवाचूनही कोडे सुटते.

तर्काच्या दृष्टीने पार्नस यांचा पक्ष बिनतोड आहे. स्वतः घातलेल्या बेड्यांबद्दल दुसऱ्यास दोष देता येत नाही. तरीही पाटील यांचे कोडे निकालात निघाले असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी सामर्थ्याचा प्रश्न विचारला, तेथे ते हरले. पण कोड्याने दाखविले ते निराळेच : दोन साधने एकत्रच हवी असणे ही अत्यंत नित्याची गरज आहे, आणि ती एक-एक पी करून भागवू पाहणारा सरळ मार्गाने जाऊन मगरमिठीत सापडतो. पुढे युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या आवृत्तीत सेमाफोरांच्या संचावर एकदम चालणारी क्रिया ठेवण्यात आली, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

यापेक्षा मूलगामी आक्षेप पेर ब्रिंक हान्सेन आणि सी. ए. आर. होअर यांचा. १९७३ आणि १९७४ मध्ये त्यांनी मॉनिटर ही रचना पुढे आणली. सामायिक साधन आणि त्यावरील सर्व क्रिया एकाच ठिकाणी बांधाव्या, आणि आत एका वेळी एकानेच असावे हे पाहण्याचे काम भाषांतरकर्त्या आज्ञावलीवर सोपवावे. होअर यांनीच दाखविले की सेमाफोरांतून मॉनिटर घडविता येतो आणि मॉनिटरातून सेमाफोर. तेव्हा भांडण सामर्थ्याचे नव्हते. शिस्त कोठे राहावी, याचे होते. सेमाफोरात ती प्रत्येक वापरणाऱ्याच्या आज्ञावलीत विखुरलेली असते. पन्नास ठिकाणांपैकी एका ठिकाणी व्ही विसरली की उरलेली एकोणपन्नास बरोबर असून निरुपयोगी. डाइक्स्ट्रा यांसही हे मान्य असावे, कारण १९७१ च्या लेखात त्यांनी सामायिक साधन सांभाळणाऱ्या 'चिटणीसां'ची कल्पना मांडली होती, जी मॉनिटरच्या अगदी जवळची आहे.

मग आइंडहोव्हेनच्या मंडळींना सेमाफोर कसा पुरला? त्यांची प्रणाली ज्या एक्स-८ यंत्रावर चालली त्याची स्मृती ३२ हजार शब्दांची, प्रत्येक शब्द २७ अंकस्थानांचा. चाचणीत ज्या चुका आढळल्या त्या लेखनाच्या किरकोळ चुका होत्या, दर ५०० आज्ञांमागे एक, असे डाइक्स्ट्रा यांनी नोंदविले आहे. हे यश सेमाफोरचे खरे, पण त्याहून अधिक ते सिद्धतेचे आहे. प्रणाली थरांत रचली होती आणि प्रत्येक थराची अचूकता आधी कागदावर पटविलेली होती. त्यांचे सहकारी हॅबरमन यांनी १९७२ साली ही पद्धती एका सूत्रात आणली : पूर्ण झालेल्या पींची संख्या ही, सुरू झालेल्या पींची संख्या आणि आरंभमूल्य अधिक व्हींची संख्या, या दोहोंपैकी जी लहान तिच्याएवढी असते. साठा कधी ओसंडत नाही आणि रिकाम्यातून कोणी उचलत नाही, हे या सूत्रावरून चार ओळींत सिद्ध होते. आज वर्गात सेमाफोर शिकविला जातो आणि हे सूत्र गाळले जाते. हत्यार द्यावयाचे आणि म्यान ठेवून घ्यावयाची, असा हा प्रकार आहे.

धारक नसण्याची किंमत किती, हे ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाने दाखविले. काही दिवसांतच यानावरील संगणक पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची मापे गोळा करणारे एक कमी प्राधान्याचे कार्य सामायिक साधनाचा सेमाफोर घेऊन आत असे. माहितीच्या सामायिक वाहिनीची व्यवस्था पाहणारे उच्च प्राधान्याचे कार्य त्याची वाट पाहत थांबे. इतक्यात मधल्या प्राधान्याची, सेमाफोरशी काहीही संबंध नसलेली कार्ये येऊन हवामानाच्या कार्यास बाजूस सारीत. म्हणजे मधल्यांमुळे खालचे थांबे आणि खालच्यामुळे वरचे. वरचे काम वेळेत झाले नाही हे पाहून देखरेख करणारे कार्य सर्वच यंत्रणा पुन्हा सुरू करी. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोझ्की यांनी १९९० सालीच यावरचा उपाय प्रसिद्ध केला होता : ज्याच्या हाती साधन आहे त्यास, वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तेवढ्यापुरते उसने द्यावे. यानावरील व्हीएक्सवर्क्स प्रणालीत तशी सोय होती, पण त्या सेमाफोरसाठी ती बंद होती. पृथ्वीवरील प्रतिरूपावर दोष पुन्हा घडवून पाहण्यात आला आणि सोय चालू करण्याचा बदल मंगळावर पाठविण्यात आला.

या घटनेतून सेमाफोर धोकादायक आहे एवढाच बोध बहुतेकांनी घेतला. खरा मुद्दा सूक्ष्म आहे. प्राधान्य उसने द्यावयाचे तर ते कोणास, हे आधी कळावे लागते. डाइक्स्ट्रा यांच्या सेमाफोरला ते कळत नाही. त्यास केवळ आकडा ठाऊक. म्हणून व्हीएक्सवर्क्समध्ये परस्पर-वर्जनाचा सेमाफोर हा साध्या आणि गणक सेमाफोरांहून वेगळा प्रकार ठेवावा लागला, ज्याने घेतला त्यानेच तो परत करावयाचा अशी अट घालावी लागली, आणि प्राधान्याची सोय फक्त त्याच प्रकारास देता आली. पॉसिक्स मानकांतही कुलूप आणि सेमाफोर हे दोन निराळे पदार्थ आहेत. १९६८ च्या परिशिष्टात जो भेद ग्रंथकाराने शब्दांत केला होता, तो अखेर यंत्रणेस वस्तूंत करावा लागला. सिग्नल आणि गोळा वेगळे झाले. आमच्या मते पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे दोन्ही आरंभापासूनच वेगळे शिकवावे, आणि सेमाफोर हे नाव गणनेसाठी व सूचनेसाठीच राखून ठेवावे. मूळ प्रबंध मात्र त्यांनी डेकरपर्यंत तरी स्वतः वाचावा. त्या चार फसलेल्या मार्गांस कोणतेही पाठ्यपुस्तक पर्याय होऊ शकत नाही.

प्रबंधाच्या उत्तरार्धातील सावकाराच्या रीतीचा येथे विचार केलेला नाही. प्रत्येक ऋणकोने आपली कमाल गरज आधी जाहीर करावी या गृहीतावर ती सर्वस्वी उभी आहे, आणि त्या गृहीताची चिकित्सा हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.